कॉग्निटिव्ह सायन्सच्या सेंटरमधे दिवसभर नक्की कसलं संशोधन चालतं?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलीचं फिजिक्समधे बीएस्सी झालंय, तिला आता कॉग्निटिव्ह सायन्समधे एमएस्सी करायचंय, घरचे म्हणतायत की ही सायकॉलॉजीच आहे फक्त नाव नवीन, आणि तुम्हाला कळत नाहीये की विद्यापीठाच्या अशा सेंटरमधे माणसं सकाळी दहा ते संध्याकाळी सहा करतात काय आणि त्याचा कुणाला उपयोग होतो का. मी सोलापूरची, पीएचडी उत्तर भारतात केली, भाषा आणि वाचन हा विषय, सतरा वर्षं यातच आहे. नोकरीचं शेवटी सांगते. आधी काम कसं असतं ते सांगते, कारण ते कुणी नीट सांगतच नाही, सगळे "मेंदूचा अभ्यास" एवढं बोलून मोकळे होतात.

सायकॉलॉजी यात आहेच, पण भाषाशास्त्र आहे, कॉम्प्युटर आहे, न्यूरोसायन्स आहे, थोडं तत्त्वज्ञान पण आहे. व्याख्येत अडकू नका, एक खरं उदाहरण बघा म्हणजे लक्षात येईल.

अलाहाबाद विद्यापीठात २००२ साली सेंटर ऑफ बिहेवियरल अँड कॉग्निटिव्ह सायन्सेस सुरू झालं, भारतातल्या सुरुवातीच्या सेंटर्सपैकी ते एक. तेव्हा तिथे असलेले रमेश कुमार मिश्रा आणि निहारिका सिंग, आणि नेदरलँड्सच्या माक्स प्लांक संस्थेतले फाल्क ह्युटिग यांनी मिळून एक प्रश्न घेतला. ज्या माणसाला लिहिता-वाचता येत नाही किंवा अगदी जेमतेम येतं, तो कानावर पडलेला शब्द आपल्यासारखाच ऐकतो का? लक्षात घ्या, वाचण्याबद्दल विचारतच नाहीयेत, ऐकण्याबद्दल विचारतायत. बोलणं तर सगळ्यांनाच येतं, मग फरक कशाला पडेल असं कुणालाही वाटेल, मलाही विद्यार्थी असताना तसंच वाटलं होतं.

तर प्रयोग असा. समोर स्क्रीनवर चार चित्रं, आणि कानात एक हिंदी वाक्य येतं, त्यात "मगर" हा शब्द. स्क्रीनवर मगर नाहीच. एक चित्र मटारचं, कारण हिंदीतला "मटर" ऐकायला मगरसारखा सुरू होतो. एक कासवाचं, कारण कासव अर्थाने मगरीच्या जवळचं. उरलेली दोन कशाशीच संबंध नसलेली. माणसाने काही सांगायचं नाही, बटण दाबायचं नाही, फक्त ऐकायचं आणि बघायचं, आणि आय-ट्रॅकर नोंद करत राहतो की डोळे कधी कुठे गेले. जास्त शिकलेल्यांचे डोळे "म..." कानावर पडता पडता मटारकडे जातात आणि शब्द पुढे उलगडला की तिथून निघून कासवाकडे वळतात, हे सगळं सेकंदाच्या आत आणि त्यांना स्वतःला पत्ताही नसतो. कमी शिकलेले लोक मात्र सरळ अर्थाकडे जातात, कासवाकडे. आवाजाच्या साम्याने त्यांचे डोळे ओढले जात नाहीत, आणि कासव काढून टाकलं तर थोडे जातात पण उशिरा, त्या शब्दाच्या प्रत्येक आवाजाला घट्ट धरून नाही. २०११ मधे हे छापून आलं.

नीट विचार केला तर ही केवढी मोठी गोष्ट आहे बघा. आपल्याला वाटतं वाचायला शिकणं म्हणजे डोळ्यांचं काम, पण ते कानाचं ऐकणंच बदलून टाकतं.

असं का होत असावं याचा धागा १९७९ सालच्या पोर्तुगालमधल्या एका अभ्यासापर्यंत जातो. जोसे मोराइश (Morais) आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की शाळेत न गेलेल्या मोठ्या माणसांना शब्दाच्या सुरुवातीचा एक आवाज काढून टाकायला किंवा जोडायला सांगितला तर ते जमत नाही, आणि मोठेपणी वाचायला शिकलेल्यांना ते बऱ्यापैकी जमतं. म्हणजे शब्द सुट्या आवाजांचा बनलेला असतो हे ज्ञान आपोआप येत नाही, अक्षरं शिकल्यावर येतं. आता आपल्या लिपीची गंमत. दुसरी-तिसरीतल्या मराठी मुलाला म्हणा, "मगर" मधला पहिला आवाज काढ, काय उरलं? बहुतेक करून तो म्हणेल "गर". इंग्रजीच्या हिशोबाने बरोबर उत्तर "अगर", कारण पहिला आवाज नुसता म्, त्याच्यातला अ मागे उरायला पाहिजे. पण मुलगा चुकलेला नाही! आपण त्याला मुळाक्षरं शिकवली, बाराखडी शिकवली, त्याच्यासाठी शब्दाचा तुकडा म्हणजे अख्खं अक्षर. म्हैसूरला प्रकाश पडकण्णय्या आणि बंगळूरला सोनाली नाग यांनी कन्नडवर बरंच काम केलंय आणि तिथेही हेच दिसतं, अक्षराची जाण लवकर येते, सुट्या व्यंजनाची हळूहळू. आणि आपल्याकडे मुलांच्या वाचनाच्या टेस्ट कित्येकदा इंग्रजीतून उचलून भाषांतर करून वापरतात, मग "गर" म्हणणारं मूल त्यात नापास होतं. या एका गोष्टीचा मला मनापासून त्रास होतो, म्हणून जरा जास्त लिहिलं.

मिश्रा आणि ह्युटिग यांचा २०१२ चा पुढचा अभ्यास अंदाजाबद्दल होता. हिंदीत विशेषणावरूनच पुढच्या नामाचं लिंग कळतं, आपल्याकडे तर तीन लिंगं, "आता तुम्हाला दिसेल एक मोठं..." एवढं ऐकलं की खिडकी बाद, दरवाजा बाद, घर उरलं. जास्त शिकलेले लोक नाम कानावर पडायच्या आधीच योग्य चित्राकडे बघायला लागतात. कमी शिकलेल्यांचे डोळे प्रत्यक्ष नाम ऐकू यायला लागल्यावरच हलतात. वाचताना आपण सतत पुढचा शब्द ताडत असतो, वर्षानुवर्षं तो सराव झाला की बोलणं ऐकतानाही तीच सवय लागते, असा त्यांचा अंदाज.

आता "दिवसभर काय करतात" त्याचं उत्तर. लोकांना वाटतं मशीन म्हणजे संशोधन. मशीन तर महिनाभरात शिकून होतं. आय-ट्रॅकर डोळ्यावर न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकतो, बाहुली आणि प्रकाशाचं प्रतिबिंब या दोन्हीवरून नजर कुठे आहे ते काढतो, चांगला असेल तर सेकंदाला हजार वेळा. हनुवटी टेकवायची, स्क्रीनवर नऊ ठिकाणी ठिपका दाखवून कॅलिब्रेशन करायचं, झालं. म्हणजे पुस्तकात झालं. प्रत्यक्षात बायकांच्या डोळ्यात काजळ असतं आणि मशीन काजळाच्या काळ्या रेघेलाच बाहुली समजतं, वयस्कर माणसांच्या पापण्या खाली आलेल्या असतात, चष्म्याची काच चमकते. ईईजीचं, म्हणजे मेंदूतले विजेचे बारीक सिग्नल नोंदवण्याचं, अजून वेगळं, डोक्यावर ३२ किंवा ६४ इलेक्ट्रोड लावायचे, सिग्नल मायक्रोव्होल्टमधे, आणि समोरची व्यक्ती भरपूर खोबरेल लावून आलेली. आधी फोनवर सांगायचं असतं की केस धुऊन या आणि तेल लावू नका, आणि हे तीनदा सांगायचं असतं.

खरा वेळ जातो शब्दांच्या यादीत. मगर, मटर, कासव असे चाळीस-पन्नास संच पाहिजेत. प्रत्येक शब्द रोजच्या वापरातला पाहिजे, जवळपास सारखा लांब पाहिजे, चित्र काढता आलं पाहिजे आणि ते चित्र बघून सगळ्यांच्या तोंडी तोच शब्द आला पाहिजे. जगभर १९८० सालचा स्नॉडग्रास आणि व्हँडरवार्ट यांचा २६० चित्रांचा संच वापरतात, तो अमेरिकेसाठी बनलेला, त्यातली कित्येक चित्रं आपल्या खेड्यातल्या माणसाने कधी पाहिलेलीच नसतात. मग आपली चित्रं आपणच काढून घ्यायची. मी एकदा मराठीत असा संच करायला घेतला तेव्हा पुण्याच्या मुली म्हणाल्या कलिंगड, नागपूरच्या म्हणाल्या टरबूज, एक म्हणते बटाटा दुसरी म्हणते आलू, पेरूला विदर्भात जाम म्हणतात, आणि एका चित्राची दोन नावं निघाली की तो संच बाद, कारण माझा सगळा हिशोब पहिल्या आवाजावर चाललाय. १२० चित्रांपैकी ५२ उरली. तीन महिने गेले त्यात, पण ते तीन महिने म्हणजेच संशोधन, हे मुलीला आत्ताच सांगून ठेवा.

आणि चूक कशी होते ते पण सांगते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी जवळजवळ चाळीस जणांचा डेटा घेतला, रिझल्ट अगदी सुंदर, मला पाहिजे होते तसेच. मग गाईडनी विचारलं की शब्द सुरू व्हायच्या आधीच्या अर्ध्या सेकंदात डोळे कुठे आहेत ते बघितलंस का. बघितलं तर लोक आधीपासूनच त्याच चित्राकडे जास्त बघत होते, कारण ती चित्रं दुसऱ्या माणसाने काढलेली होती आणि त्यांच्या रेघा जाड होत्या. शब्दाचा काही संबंधच नव्हता. सगळा डेटा बाजूला ठेवला, चित्रं पुन्हा काढली, पुन्हा चाळीस माणसं. तेव्हा रडले होते, पण गाईडनी तो प्रश्न विचारला नसता तर मी खोटी गोष्ट छापून बसले असते. नजर हलायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात, म्हणजे डोळे आत्ता जिथे गेले ते २०० मिलिसेकंद आधी ऐकलेल्यामुळे, हा हिशोब तेव्हापासून डोक्यात पक्का बसला.

मग गाव. निरक्षर माणसं विद्यापीठाच्या आवारात येऊन बसत नाहीत, आपल्याला जावं लागतं किंवा त्यांना गाडी करून आणावं लागतं. कापणीच्या दिवसात कुणी येत नाही. आलेल्या माणसाचा दिवसाचा रोज बुडतो, तो द्यावाच लागतो. संमतीपत्र वाचता येत नाही म्हणून कुणीतरी तटस्थ साक्षीदार समोर बसवून सगळं तोंडी समजावून सांगायचं आणि मग अंगठा घ्यायचा, हे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) नियमांमधेच आहे. सगळ्यात अवघड म्हणजे भीती. "आमची परीक्षा घेताय का" हा प्रश्न मला प्रत्येक गावात विचारलाय. ज्या बाईला आयुष्यभर सगळ्यांनी अडाणी म्हटलंय तिला तुम्ही कॉम्प्युटरसमोर बसवताय, ती घाबरून चुकली तर तो निरक्षरतेचा परिणाम की घाबरण्याचा? म्हणून तर हा नुसता बघण्या-ऐकण्याचा प्रयोग मला इतका आवडतो, त्यात चुकायला काही जागाच नाही, बघाल ते बरोबर.

एमआरआय असेल तर सगळं धातूचं काढावं लागतं. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी. जोडवी कित्येक वर्षांत निघालेली नसतात, आणि मंगळसूत्र काढायला बाई नाही म्हणते तेव्हा जबरदस्ती करायची नाही, सासूशी बोलायचं, नवऱ्याशी बोलायचं, आणि तरीही नाही म्हणाली तर चहा देऊन सन्मानाने घरी सोडायचं. अशी तीन-चार माणसं सोडावी लागतात तेव्हा सॅम्पल लहान होतं आणि परदेशातला रिव्ह्यूअर, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणारा, विचारतो की सॅम्पल इतकं लहान का.

याच सगळ्या त्रासातून २०१७ मधे एक फार चांगला अभ्यास आला, सायन्स अॅडव्हान्सेसमधे, पहिलं नाव मिखाएल स्काइडे यांचं, सोबत ह्युटिग, मिश्रा आणि लखनौची मंडळी. लखनौजवळच्या दोन गावांतली माणसं, बहुतेक बायका, वय तिशीच्या आसपास, वाचता अजिबात येत नाही किंवा नावापुरतं. २१ जणांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं, ९ जणांना नाही, आणि दोन्ही गटांचे आधी आणि नंतर मेंदूचे स्कॅन. बदल अपेक्षेप्रमाणे मेंदूच्या वरच्या थरात असतील असं वाटत होतं, पण ते खूप खोल दिसले, थॅलॅमस आणि ब्रेनस्टेमच्या भागात, जे भाग उत्क्रांतीच्या दृष्टीने फार जुने, आणि त्यांचं डोळ्यांकडून येणाऱ्या माहितीच्या भागाशी जुळणं वाढलं होतं. तिशीतल्या मेंदूत, सहा महिन्यांत! याचा उपयोग विचारलात ना, तर हा घ्या. डिस्लेक्सिया असलेल्या, म्हणजे वाचणं फार जड जाणाऱ्या मुलांमधे थॅलॅमस वेगळा असतो असं काही संशोधक म्हणतात आणि तेच कारण धरतात. पण नुसतं वाचून तो भाग बदलत असेल तर उलटंही असू शकतं, मूल कमी वाचतं म्हणून तो भाग तसा राहतो. कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे पुन्हा तपासावं लागतं, आणि त्यावर ठरतं की मुलाला काय मदत करायची.

शिकवण्याआधी आणि नंतर बघणं का महत्त्वाचं ते पण समजून घ्या. नुसते निरक्षर आणि साक्षर शेजारी ठेवले तर त्यांच्यात फक्त वाचनाचा फरक नसतो, खाणं वेगळं, पैसा वेगळा, शाळेत बसून परीक्षा द्यायची सवय वेगळी. माझ्या मते वरच्या २०११ आणि २०१२ च्या अभ्यासांची हीच कमकुवत बाजू आहे, मला ते कितीही आवडत असले तरी. त्याच माणसाला शिकवून बघितलं की यातलं बरंच मिटतं. आणि २१ आणि ९ हे आकडे छोटे आहेत, हेही तितकंच खरं. या शास्त्रात २०१५ मधे मोठा धक्का बसलाय, सायकॉलॉजीचे १०० प्रसिद्ध झालेले अभ्यास पुन्हा करून बघितले तर साधारण ३६ टक्क्यांमधेच तसा निष्कर्ष परत मिळाला. तेव्हापासून चांगल्या लॅबमधे डेटा घ्यायच्या आधीच काय मोजणार आणि कसं मोजणार ते लिहून नोंदवून ठेवतात. मुलगी ज्या लॅबमधे जाईल तिथे हे करतात का, एवढं तिने जरूर विचारावं.

दुसरं एक काम फक्त नाव घेऊन सांगते, कारण मी सोलापूरची आहे, शेजारी तेलुगू आणि कन्नड बोलणारे, आमच्या गल्लीत लहान मूल तीन भाषांत भांडायचं. हैदराबादला निम्स हॉस्पिटलमधे सुवर्णा अल्लादी यांनी डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) ६४८ पेशंट्सच्या नोंदी बघितल्या, २०१३ मधे छापलं, की एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांमधे आजार साधारण साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसतो, आणि शाळेत कधीच न गेलेल्यांमधेही हा फरक दिसला. कॅनडात असे अभ्यास झाले तेव्हा शंका घ्यायचे की दोन भाषावाले बहुतेक बाहेरून आलेले लोक, त्यांचं आयुष्यच वेगळं. हैदराबादमधे तसं नाही, तिथे अनेक भाषा हे रोजचं जगणं. सगळे संशोधक मान्य करतात असं नाही, वाद चालू आहे, पण हा प्रश्न नीट विचारायची जागा आपला देश आहे.

आणि मराठीत तर कामं पडून आहेत. "कि" लिहिताना इकार आधी येतो आणि उच्चार नंतर, ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मधे हिंदी वाचकांवर बघितलं की असे शब्द वाचायला जास्त वेळ लागतो, आपल्या पहिलीच्या मुलांवर हे कुणीतरी करायला पाहिजे. आकडे घ्या. २०१९ मधे बालभारतीने दुसरीच्या गणितात "एकवीस"सोबत "वीस एक" आणलं, केवढा गदारोळ झाला, समितीच्या मंगला नारळीकरांवर किती टीका झाली. पण प्रश्न खरा होता. चिनी भाषेत अकरा म्हणजे सरळ "दहा एक", आणि केविन मिलर यांच्या १९९५ च्या अभ्यासात चिनी आणि अमेरिकन लहान मुलांमधला मोजण्याचा फरक दहाच्या पुढेच उघडा पडतो. आपल्याकडे एकोणतीस म्हणजे तीसला एक कमी, लिहिताना मात्र आधी दोन आणि मग नऊ. हे मुलाला किती जड जातं ते शंभर-दोनशे मुलं बसवून मोजता येतं. टीव्हीवर भांडून नाही येत. तुमच्या मुलीने हे एक काम केलं तरी मला फार आनंद होईल.

आता व्यवहाराचं पटकन. अलाहाबाद, हैदराबाद विद्यापीठ, आयआयटी गांधीनगर, आयआयटी कानपूर अशी ठिकाणं आहेत. काही ठिकाणी कॉगजेट म्हणून प्रवेश परीक्षा असते, काही ठिकाणी स्वतःची, दरवर्षी बदल होतात तेव्हा त्या वर्षीची जाहिरातच बघा. फिजिक्सवाली मुलगी अजिबात मागे पडत नाही, उलट स्टॅटिस्टिक्स आणि प्रोग्रामिंग तिला सोपं जाईल, तिने भाषा आणि माणसं शिकून घ्यायची. पुढे पीएचडी, जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, पण पैसे बऱ्याचदा महिनोन्महिने उशिरा येतात त्यामुळे पहिल्या वर्षी घरून थोडा आधार लागेल हे धरून चाला. पीएचडी नको असेल तर कंपन्यांमधे युजर रिसर्च, म्हणजे वस्तू वापरणाऱ्या लोकांचा अभ्यास, असतं, शिक्षणाच्या क्षेत्रातल्या संस्था असतात. प्राध्यापकाच्या जागा कमी आहेत, खोटं सांगत नाही.

तिचा कल खरंच आहे का हे बघायचं असेल तर या सुट्टीत तिला एक करायला सांगा. शेजारपाजारची पाच-सहा मुलं, पहिली ते चौथीतली, प्रत्येकाला एकेकट्याने "मगर, कमळ, बदक" मधला पहिला आवाज काढून उरलेलं सांगायला लावायचं आणि वहीत शब्दशः लिहून ठेवायचं, अमुक इयत्ता, अमुक उत्तर, किती वेळ घेतला, आधी इंग्रजी माध्यमात होता का. कुणी "गर" म्हणेल, कुणी "अगर" म्हणेल, कुणी गप्प बसेल. मग तिने ती वही घेऊन मला सांगावं की तिला काय दिसलं.